साद आणि आव्हान

एकनाथी भागवताच्या आठव्या अध्यायात अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी हरिणाची पाळी येते. पारध्याच्या गाण्याला ते भुलते आणि प्राणाला मुकते. हा भाग शिकविला की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "सर, हरिण खरंच गाणं ऐकतं का हो?" नाथांनी या गोष्टीतला बोध सांगितला, पारध्याची विद्या सांगणे हे काही त्यांचे काम नव्हते. ती विद्या मला ऐकायला मिळाली गोवंडीत!

गोवंडी म्हटले की देवनारचा कचऱ्याचा डोंगर आणि हार्बरच्या गाडीतली रेटारेटी एवढेच वाचकांच्या डोळ्यांपुढे येणार. पण आमच्या मागच्या गल्लीत सोलापूरकडचे एक वृद्ध फासेपारधी मुलाकडे राहतात. वय ऐंशीच्या घरात. मी त्यांना बाबा म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात. घरात त्यांची गुजरातीच्या वळणाची पारधी बोली चालते, माझ्याशी मराठी. हरिणाचा प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा ते हसले.

"गाण्याला कोण भुलतंय मास्तर? जनावराला त्याच्या वळखीचा आवाज लागतो. एक तर बायकोचा, न्हाय तर दुश्मनाचा."

सगळे शास्त्र या एका वाक्यात आले. तित्तिराचा नर आपली हद्द राखून असतो. पहाटेपासून 'पतीला, पतीला' असा गजर करून शेजाऱ्यापाजाऱ्यांना बजावीत असतो. त्याच्या हद्दीत पाळलेला नर पिंजऱ्यात ठेवायचा आणि भोवती फासे मांडायचे. परका आवाज ऐकला की धनी पायाच्या आऱ्या सरसावून धावत येतो. लाव्याची तऱ्हा निराळी. पावसाळ्यात नर गवतातून ओरडत असतो, त्याला मादीची बारीक, तोंडातल्या तोंडात घातलेली शीळ ऐकवायची. तो भांडायला नव्हे, भेटायला येतो. युरोपातही लाव्याच्या मादीचा आवाज काढणारी पिपाणी फार जुन्या काळापासून वापरात होती. माणसाची लबाडी सगळीकडे सारखीच!

अमेरिकेतले शिकारी टर्की आणि एल्क यांना बोलावितात, त्यातही हाच भेद आहे. वसंतात टर्कीचा नर झाडावरून साद घालतो आणि रिवाज असा की मादीने त्याच्याकडे जायचे. शिकारी लाकडी पेटी किंवा पाटीचा तुकडा घासून, किंवा टर्कीच्याच पंखाच्या हाडातून फुंकर घालून मादीचा आवाज काढतो. म्हणजे तो रिवाजाच्या उलटच मागणी करतो. नर पिसारा फुलवून जागीच उभा राहतो, "तूच ये" म्हणतो. अशा वेळी कसलेला शिकारी एकदम गप्प होतो. मादी निघून चालली असे वाटले की नवरदेव मुकाट्याने खाली मान घालून येतात.

एल्क हे आपल्या काश्मिरी हांगुलाच्या गोतातले हरिण. सप्टेंबरात त्याचा नर तुतारीसारखा आवाज काढून आपला माद्यांचा कळप राखतो. त्याला प्रतिस्पर्ध्याची तुतारी ऐकवावी, तर कळपाचा मालक लढेलच असे नाही. पुष्कळदा तो माद्यांना पुढे घालून चालता होतो. संसारी प्राणी तो, भांडण त्याला परवडत नाही. म्हणून शिकारी एक तर अगदी जवळ जाऊन आव्हान देतात, नाही तर चुकलेल्या मादीचा आवाज काढतात.

आपल्याकडे याहून मोठी गंमत आहे. लाव्यासारखाच दिसणारा, पण पायाला तीनच बोटे असलेला एक पक्षी आहे. हिंदीत त्याला गुलू म्हणतात. यांच्यात मादी थोराड, मादीच घुमते आणि मादीच भांडते. अंडी उबवायला नर बसतो. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात जर्डन या पक्षिशास्त्रज्ञाने दक्षिणेतला यांचा सापळा वर्णिला आहे. पिंजऱ्यात मादी ठेवायची; तिचे घुमणे ऐकून दुसऱ्या माद्या चालून येतात, गजांवर चोची मारतात, दोरा तुटतो, झाकण पडते आणि घंटी वाजते. अशा सापळ्यात सापडायच्या त्या सगळ्या माद्याच.

जिम कॉर्बेटने नोव्हेंबर 1938 मध्ये कुमाऊंतली ठाकची नरभक्षक वाघीण मारली, तीही अशीच. ती जोडीदाराच्या शोधात ओरडत होती. कॉर्बेटने वाघाचा आवाज काढून अंधार पडता पडता तिला समोर आणले. हे वाचताना मला तरी वाघिणीची कीव येते.

बाबांना मी विचारले, दोहोंत अवघड कोणते? "भांडायला बोलावणं सोपं. पिरतीला बोलावणं कठीण. हाक दिली की गप बसायचं. दुसरी हाक लवकर दिली की पाखराला कळतं, ह्यो माणूस हाय. पाखराला घाई नसती."

मग मी म्हणालो, "बाबा, एकदा काढून दाखवा ना." तशी त्यांची सून पदर सावरीत दारात आली. "मास्तर, मामांना आवाज काढाया लावू नका. कुणी ऐकलं तर आमच्याच दारात यील."

तिचे भय उगाच नव्हे. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरविल्या, त्यांत पारधीही आले. तो शिक्का 1952 मध्ये कागदावरून पुसला. लोकांच्या मनातून अजून पुसलेला नाही. पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. आता तित्तिर धरणे काय, पिंजऱ्यात ठेवणेही गुन्हा आहे. हा कायदा हवाच होता. मी त्याच्याच बाजूचा आहे. पण ज्यांच्या गळ्यात रानाची भाषा होती त्यांना ती विसरा म्हणताना दुसरे काय द्यायचे, हे फारसे कुणाला सुचले नाही. अकोला-वाशिमकडे काही फासेपारधी आता गवताळ राने राखण्याच्या कामात आहेत, हे ऐकून बरे वाटते. आज पक्ष्यांची गणती करणारे विद्वान यंत्रातून आवाज ऐकवून पक्षी बोलावितात. हौशी छायाचित्रकार तर मोबाईलवर तोच आवाज पुनःपुन्हा लावून बिचाऱ्या नराला दमवितात. त्यांच्या दारात मात्र कोणी जात नाही.

सून आत गेल्यावर बाबांनी मूठ ओठांशी नेली आणि हळूच तित्तिर काढला, मग लावा. मी वही काढून लिहू लागलो. 'पतीला' इथपर्यंत देवनागरी पुरली; लाव्याच्या शिळेला अक्षरच सापडेना. स्वरवर्ण शिकविण्यात उभी हयात घालविलेल्या माझ्यासारख्याची ही फजितीच म्हणायची.

त्यांचा नातू महापालिकेच्या शाळेत सहावीत आहे. तित्तिर त्याला छान जमतो. लावा अजून जमत नाही. बाबा म्हणतात, आवाज बरोबर आहे, पोराला मधे गप बसवत नाही.