वय सरले, बाकी सरली नाही

मूल १८ वर्षांचे झाले की त्याच्या पोटगीचा प्रश्न निकालात निघाला, अशी एक सोयीची समजूत आपल्या समाजात रूढ आहे. न्यायालयाचा हुकूम झालेला असतो, दरमहाची रक्कम ठरलेली असते. बाप चार महिने ती भरतो. मग आखातात नोकरीस जातो किंवा धंद्यात खोट आल्याचे सांगतो. आई शिवणयंत्रावर बसते, बांगड्या गहाण टाकते, भावाच्या दारी उभी राहते. मुलगा मोठा होतो. मग एखादे वडीलधारे गृहस्थ तिला समजावतात, ‘बाये, पोर हाताशी आला, आता जुने कशाला उकरतेस?’

या उपदेशात दया नाही आणि हिशेबही नाही. मूल सज्ञान झाल्यावर पुढची पोटगी थांबते, आणि ते शरीराने वा मनाने असमर्थ असल्यास तीही थांबत नाही. मागची बाकी मात्र वाढदिवसाबरोबर फिटत नसते. ते पोर उपाशी राहिले नाही, कारण बापाचा वाटा दुसऱ्या कोणीतरी भरला. पतसंस्था कर्जदाराचे पोर मोठे झाले म्हणून हप्ते माफ करते काय?

खेदाची गोष्ट अशी की कायदाच येथे चुकाराच्या मदतीस धावतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५व्या कलमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४व्या कलमाने घेतली. हे कलम सर्व धर्मीयांना लागू आहे; १८६७च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेनुसार कौटुंबिक व्यवहार चालणाऱ्या आपल्या गोव्यातही आहे. रक्कम थकली तर वॉरंट निघते, एका महिन्यापर्यंत कैदही होते. परंतु रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज न केल्यास वॉरंट निघत नाही. म्हणजे एक वर्ष चुकवणारा सापडतो, आणि दहा वर्षे चुकवणाऱ्याची नऊ वर्षे या मार्गाने सुटतात!

सर्वोच्च न्यायालयाने ही धार थोडी बोथट केली आहे. मुदतीत केलेला अर्ज प्रलंबित असताना पुढे थकलेली रक्कम त्याच अर्जात मागता येते, असे २००५ साली ठरले. पोटगीचा हुकूम दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणे बजावता येतो, असे नोव्हेंबर २०२० मध्ये स्पष्ट झाले; आणि दिवाणी हुकूमनाम्याच्या दरखास्तीस १२ वर्षांची मुदत असते. पण दरखास्त म्हणजे वकील, तारखा आणि त्या गृहस्थाची मालमत्ता हुडकण्याचा खटाटोप. शिवणकाम करणाऱ्या बाईने हे सारे कोणाच्या जोरावर करावे?

संसदेने २००१ साली पोटगीवरील ५०० रुपयांची मर्यादा काढून टाकली, ते योग्यच झाले. २०२३ साली अख्खी संहिता नव्याने लिहिली गेली, तेव्हा एका वर्षाची ही अट मात्र जशीच्या तशी उचलून ठेवली. ती रद्द झाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेवढे धैर्य नसेल, तर निदान मूल सज्ञान होईपर्यंत ही मुदत मोजूच नये.

तोवर एक साधी गोष्ट न्यायालयांच्या कचेऱ्यांना करता येईल. हुकुमाची प्रत हाती देताना, पैसे थकल्यास वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, एवढे एक वाक्य मराठी आणि कोकणीत छापून तिच्यासोबत जोडावे.