आधी लॉग वाचा भो!

'युरोपा युनिव्हर्सालिस ४' हा स्ट्रॅटेजी गेम ११ नोव्हेंबर १४४४ या तारखेपासून सुरू होतो. नकाशावर पाहा, चक्क आपला खान्देश आहे! फारुकी सुलतानांचा, आणि खेळता येणारा. पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीने २०१३ मध्ये आणलेल्या गेममध्ये आपलं नाव दिसलं की कॉलर ताठ होतेच.

फारुकींची सुरुवात थाळनेरची, म्हणजे आताच्या शिरपूर तालुक्यातली. ती कहाणी गेममध्ये यावी म्हणून धुळ्याच्या एका मित्राने छोटा मॉड लिहिला. चालू केला. पहिला इव्हेंट आला, पण मजकुराच्या जागी नुसते कोड. दुसऱ्यापासून पुढचे आलेच नाहीत. मग आपण सगळे करतो तेच त्याने केलं: गेम उडवला, पुन्हा टाकला. हॉटस्पॉटचा डेटा संपला, चूक तिथेच. असणारच ना! मॉड डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये असतो, गेम उडवून तो जात नाही.

त्याच फोल्डरमध्ये 'लॉग्ज' आहे, आणि त्यात 'एरर.लॉग'. कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर गेम अडखळला, ते तिथे लिहिलेलं असतं. मात्र खरी चूक बऱ्याचदा त्या ओळीच्या वर सापडते. इथे दुसऱ्या इव्हेंटचा महिरपी कंस बंदच केलेला नव्हता. मजकुराची फाइल 'यूटीएफ-८ बॉम'मध्ये सेव्ह केली नव्हती, म्हणून कोड दिसत होते. दोन्ही दुरुस्त्या मिळून दहा मिनिटं. रात्र गेली ती अंदाज बांधण्यात.

दुसऱ्याचा मॉड बिघडला तर आपण थेट बनवणाऱ्यालाच शिव्या घालतो, हे मला पटत नाही. तो फुकट राबतोय. आधी गेमचं आणि मॉडचं व्हर्जन जुळतंय का बघा. क्रॅक कॉपी जुनी आणि मॉड नवा, यात त्याचा काय दोष? मॉड वीस असतील तर निम्मे बंद करा, उरलेल्यात बिघाड आहे का पाहा, मग पुन्हा निम्मे. चार-पाच फेऱ्यांत चोर सापडतो. तरीही अडलं, तर लॉग जोडून नीट विचारा.

मित्राचा मॉड आता चालतोय, पण रोमन अक्षरांत. गेमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. तो आता फॉन्टच्या फाइलींमध्ये घुसलाय, आणि 'खान्देश'मधल्या जोडाक्षरापाशी अडकलाय.