रात्रीच्या वाहनाचा दिवा

हल्लीं शाळा सुटण्याच्या वेळीं फाटकाशीं उभें राहिलें असतां विजेच्या सायकलींची व स्कूटरांची रांग दृष्टीस पडते. धूर नाहीं, गोंगाट नाहीं. पाहून संतोष वाटतो. परंतु हें वाहन घेतांना एका चार्जिंगमध्यें तें किती जातें, हप्ता किती पडतो, याची आपण जितकी चौकशी करितों, तितकी त्याच्या दिव्याची करीत नाहीं. केलीच तर ती एका प्रश्नानें संपते : “ल्यूमेन किती?” माझ्या मतें हा प्रश्नच अपुरा आहे, आणि तें मत मला फुकट मिळालेलें नाहीं.

गेल्या वर्षीं ऊसतोडीच्या दिवसांत, मागें लाल दिवा नसलेल्या बैलगाड्यांच्या भीतीनें, मीं आपल्या स्कूटरला बाजारांतून एक जादा दिवा आणून बसविला. खोक्यावरील आंकडा फार मोठा होता. पहिल्या रात्रीं रस्ता दिवसासारखा उजळला व मला मोठी धन्यता वाटली. दुसऱ्या रात्रीं समोरून सायकलीवर येणाऱ्या एका वृद्ध शेतकऱ्यानें डोळ्यांवर हात धरला, आणि तो सायकलीसह कडेच्या चरांत गेला. धांवत जाऊन मीं त्याला उठविलें. मनगट चांगलेंच मुरगळलें होतें. तो रागावला नाहीं, एवढेंच म्हणाला, “मास्तर, म्या म्हटलं ट्रकच आला.” पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या मनुष्यास याहून अधिक लाजिरवाणें काय असावें?

कारण यांतील विज्ञान आपल्या पुस्तकांतलेंच आहे. ल्यूमेन म्हणजे दिव्यांतून सर्व दिशांना मिळून निघणारा एकूण प्रकाश. त्यांतील रस्त्यावर किती पडला, झाडांवर किती व समोरच्याच्या डोळ्यांत किती, हें त्या आंकड्यावरून कळत नाहीं. पृष्ठभागावर पडलेला प्रकाश लक्समध्यें मोजतात. एका चौरस मीटरवर एक ल्यूमेन पडला म्हणजे एक लक्स. अंतर दुप्पट झालें कीं तो चौथाईवर येतो. यास्तव आंकड्यापेक्षां किरणशलाकेची आकृति महत्त्वाची. चांगल्या दिव्याची शलाका भिंतीवर टाकली असतां तिची वरची कड सरळ कापल्यासारखी दिसते. कडेखालीं उजेड, वर अंधार. माझ्या त्या दिव्याचा मात्र भिंतीवर नुसता गोल चंद्र उमटत असे. जर्मनींत सायकलीच्या दिव्यानेंसुद्धां समोरच्याला दिपवूं नये असा कायदा आहे व दिव्यावर मान्यतेची खूण लागते. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही दिव्याचा झोत खालीं वळलेला असावा असें सांगितलें आहे. पण २५० वॅटपर्यंतच्या मोटारीचीं व ताशीं २५ किलोमीटरांहून अधिक न धांवणारीं वाहनें मोटार वाहनांत गणलीं जात नाहींत. तेथें नियम आपणच व्हावयाचें.

मग प्रकाश किती लांब हवा? हिशेब करून पाहा. ताशीं २५ किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें ७ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यांत १० मीटर सरले. पुढें थांबण्यास आणखी सहा-सात. ताशीं ४५ च्या वेगास हीच बेरीज सुमारें ३८ मीटर होते, आणि ओल्या रस्त्यावर त्याहून पुष्कळ अधिक. ज्याचा दिवा वीसच मीटर दाखवितो त्यानें ४५ च्या वेगानें जाणें म्हणजे डोळे मिटून जाणें होय.

विजेच्या वाहनाला एक निराळा विचार लागतो. बॅटरी बहुधा ३६, ४८ किंवा ६० व्होल्टची असते, आणि पुष्कळसे दिवे १२ व्होल्टचे. मध्यें दाब उतरविणारा कन्व्हर्टर न घालतां तारा जोडल्या तर दिवा जळतो. दिव्यानें वाहन कमी धांवेल ही भीति मात्र व्यर्थ आहे. १० वॅटचा एल्.ई.डी. तीन तास लावला तरी ३० वॅट-तास खर्च. साधारण स्कूटर तेवढ्यांत फार तर एक-दीड किलोमीटर जाते. दिवा विझवून वीज वांचविणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें, कारण या वाहनाला आवाजही नसतो. पादचाऱ्याला त्याची वर्दी दिव्यानेंच मिळते.

पावसाळ्यासाठीं खोक्यावर आय्.पी. या अक्षरांपुढें ६५ किंवा त्याहून मोठा आंकडा पाहावा; पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. निळसर पांढऱ्या उजेडापेक्षां किंचित् पिवळट उजेड मला पसंत आहे, समोरच्याच्या डोळ्यांना तो कमी बोचतो.

दिवा कसा लावावा हें दुकानदार क्वचितच सांगतो. सपाट जागीं भिंतीपासून ५ मीटरांवर वाहन उभें करून वर बसावें, म्हणजे भारानें मागील बाजू दबते ती हिशेबांत येते. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच असेल, तर ताशीं २५ च्या सायकलीस उजेडाची वरची कड भिंतीवर ७५ वर यावी. म्हणजे ती ३० मीटरांवर जमिनीला टेकते. ताशीं ४५ च्या स्कूटरीस ती ८० वर यावी, म्हणजे ४५ मीटर मिळतात. प्रयोगशाळेच्या मागील भिंतीवर या खुणा मीं चुन्यानें करून ठेविल्या आहेत. दर शनिवारीं शाळा सुटल्यावर स्क्रूड्रायव्हर घेऊन मी तेथें असतों. तो गोल चंद्राचा दिवाही तेथेंच खिडकींत ठेविला आहे. ज्याला पाहावयाचा असेल त्यानें भिंतीवर टाकून पाहावा.