अपात्रतेचे गणित : १९७६ चे विश्वविजेतेपद आणि दोन निवाडे

१/ फॉर्म्युला वनचा १९७६ चा हंगाम एका गुणाने ठरला. जेम्स हंट ६९, निकी लाउडा ६८. या निकालाचे श्रेय बहुधा फुजीच्या पावसाला दिले जाते. प्रत्यक्षात तो एक गुण जितका ट्रॅकवर ठरला, तितकाच अपील न्यायालयातही.

२/ त्या काळी पहिल्या सहा चालकांना अनुक्रमे ९, ६, ४, ३, २ व १ गुण मिळत. विजेता अपात्र ठरला की त्याचे ९ गुण जात आणि मागचे सारे एकेक स्थान वर सरकत. दुसऱ्याला ६ ऐवजी ९ मिळत. पहिले दोघे विजेतेपदाचे दावेदार असतील, तर एका निवाड्याने त्यांच्यातील अंतर १२ गुणांनी बदले.

३/ २ मे, स्पेन. हारामा येथे हंट पहिला, लाउडा दुसरा. शर्यतीनंतरच्या मोजणीत हंटची मॅक्लारेन नव्या नियमातील मर्यादेपेक्षा १.८ सेंटिमीटर रुंद भरली. हंट अपात्र ठरला, विजय लाउडाकडे गेला. जुलैमध्ये अपिलात संघाला दंड करून हंटचा विजय परत देण्यात आला. लाउडा पुन्हा ६ गुणांवर आला.

४/ १८ जुलै, ब्रँड्स हॅच. पहिल्याच वळणावर फेरारीच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्या गोंधळात हंटची गाडीही सापडली आणि शर्यत थांबली. हंटने ती फेरी पूर्ण न करता मागच्या रस्त्याने पिट गाठले. त्याला फेरसुरुवातीत घेणार नाहीत असे दिसताच प्रेक्षकांनी गदारोळ केला. अखेर दुरुस्त गाडी घेऊन तो उतरला आणि जिंकला. फेरारीने दाद मागितली. सप्टेंबरच्या अखेरीस हंट अपात्र ठरला आणि विजय लाउडाला मिळाला.

५/ इतर शर्यती तशाच घडल्या असे धरून हिशेब करावा. दोन्ही शर्यतींचा मैदानावरचा निकाल कायम राहिला असता, तर हंट ७८, लाउडा ६५. दोन्ही वेळा अपात्रता टिकली असती, तर हंट ६०, लाउडा ७१, म्हणजे विजेता लाउडा.

६/ यावरून अनेकजण म्हणतात की अपात्रतेची शिक्षाच अतिरेकी आहे. हा निष्कर्ष घाईचा आहे. मोजमापाच्या नियमात थोडी सूट दिली, तर नियम पाळून मागे राहिलेल्या चालकावर अन्याय होतो. त्याचे स्थान त्याला परत मिळणे हा अपात्रतेचा न्याय्य भाग आहे.

७/ १९७६ चा खरा दोष विलंबाचा आहे. दोन्ही प्रकरणांत शर्यतीपासून अंतिम निवाड्यापर्यंत सुमारे दोन महिने गेले. १ ऑगस्टला न्युर्बुर्गरिंगच्या सुरुवात-रेषेवर गुणतक्त्यात लाउडा २३ गुणांनी पुढे होता. ब्रँड्स हॅचचा निवाडा तेव्हाच लागला असता, तर तो ३५ गुणांनी पुढे असता. त्याच शर्यतीत लाउडाची गाडी पेटली आणि तो मरणाच्या दारातून परतला.

८/ निवाडा आधी लागला असता तर अपघात टळला असता, असा दावा कोणी करू नये. मात्र चालक किती धोका पत्करायचा हे गुणतक्ता पाहूनही ठरवतो. २४ ऑक्टोबरला फुजी येथे ३ गुणांची आघाडी असताना लाउडाने मुसळधार पावसात दोन फेऱ्यांनंतर गाडी थांबवली. हंट तिसरा आला आणि विश्वविजेता झाला. ज्या तक्त्यावर जीव पणाला लागतो, तो दोन-दोन महिने अधांतरी ठेवणे हा चालकांशी केलेला अन्याय होय.

९/ तुलनेसाठी २०२४ ची बेल्जियम शर्यत पाहावी. जॉर्ज रसेल जिंकला, पण त्याची गाडी किमान वजनापेक्षा १.५ किलोने हलकी भरली. त्याच संध्याकाळी तो अपात्र ठरला आणि विजय लुईस हॅमिल्टनला मिळाला. शिक्षा तितकीच कठोर होती, पण पुढच्या शर्यतीला प्रत्येक चालक आपले खरे गुण जाणून उतरला.

१०/ म्हणून जुने गुणतक्ते वाचताना कोण अपात्र ठरला एवढेच पाहून थांबू नये. तो निवाडा कोणत्या तारखेला लागला आणि तोवर किती शर्यती होऊन गेल्या, हेही तपासावे.