खांदा कोणाचा, निवड कोणाची?

यंदा गणपतीला राजापूरकडच्या आमच्या गावी गेले, तर पडवीत जुना ग्रासकटर उताणा पडलेला. पेट्रोलवरचा, दहा पावसाळे काढलेला. थोरल्या जाऊबाई दोरी ओढून ओढून घामाघूम झालेल्या. वीस-पंचवीस वेळा ओढावी, तेव्हा एकदा फुरफुरणार की पुन्हा गप्प. "आता ह्याचं तेरावंच घालायचं," म्हणाल्या.

मैत्रिणींनो, आंबा-काजूच्या बागेत हे मशीन म्हणजे चैन नव्हे. पाऊस सरता सरता बेणणी झाली नाही, तर कमरेएवढं गवत उभ्या उभ्या वाळतं. मग फेब्रुवारी-मार्चात कुठून तरी ठिणगी पडते नि वणवा थेट कलमांत. वीस वर्षं पोरासारखी वाढवलेली झाडं एका दुपारी जातात. कोयता घेऊन बेणणीला गडी मिळत नाहीत आणि घरातले पुरुष मुंबईला. मग गवत कापतं कोण? घरची बाई.

नवीन मशीन निवडताना मात्र तिला कोणी विचारत नाही. मुलानं फोनवरच ठरवून टाकलं, "आई, ह्याच्यापेक्षा जास्त सीसीचा पाठवतो." कंपनी कुठली, किंमत किती, सगळं बोलून झालं. वजन किती, हे कोणीच विचारलं नाही! पाठीवर घ्यायचं पेट्रोलचं मशीन दहा-बारा किलोपर्यंत जातं, टाकी भरली की आणखी. ते घेऊन उतारावर तासभर उभं राहायचं. पट्टा आवळूनही सैलच. हाताला आलेल्या मुंग्या रात्री भाकरी थापतानाही जात नाहीत, हे जाऊबाईंनी मला सांगितलं. मुलाला नव्हतं सांगितलं.

म्हणून म्हणते, दुकानात स्वतः जा. टाकी भरून, पट्टा लावून, मशीन अंगावर घेऊन बघा. दोरी स्वतः ओढा. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. प्रमाण २५ला १ असेल, तर लिटरला ४० मिली; पण पुस्तकात लिहिलं असेल तेच धरायचं, अंदाजपंचे नाही. फोर-स्ट्रोकला ती कटकट नाही, धूरही कमी. बॅटरीवरच्याला ना दोरी, ना धूर. अंगण, पायवाट, परसू ह्यांना तो छान. पण डोंगरउतारावरच्या राठ गवताला त्याचा जीव पुरेलच असं नाही, आणि पावसात दोन दिवस लाइट गेली की चार्जिंगचे वांधे. गवत संपलं की टाकी रिकामी करून ठेवा. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल धरतं; महिनोन् महिने तसंच राहिलं की कार्बोरेटर बसलाच. आमचा बहुधा असाच गेला.

आता खरी गोम. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात ट्रॅक्टरपासून लहान औजारांपर्यंत अनुदान आहे. महिला, अल्पभूधारक आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत, इतरांना ४०, अर्थात ठरलेल्या मर्यादेत. अर्ज महाडीबीटीवर. पण 'महिला शेतकरी' कोण? जिचं नाव सातबाऱ्यावर आहे ती! आमच्या सातबाऱ्यावर मेलेली-जिती धरून चौदा नावं आहेत. तीस वर्षं त्या बागेत राबणाऱ्या जाऊबाईंचं त्यात नाही. पतीच्या हयातीतच पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची लक्ष्मीमुक्ती योजना सरकारनं १९९२ सालीच आणली. किती घरांत ती ठाऊक आहे? ठाऊक असली, तरी "कशाला हवंय? सगळं तुझंच तर आहे" हे वाक्य कोणत्या घरात ऐकू येत नाही?

विसर्जनानंतर आम्ही दोघी तालुक्याला गेलो. दुकानदार म्हणाला, "साहेब नाही आले?" जाऊबाई म्हणाल्या, "साहेब गवत कापत नाहीत." तीन मशीनं अंगावर चढवून बघितली, दोन परत ठेवली. घेतलं ते जुन्यापेक्षा कमी सीसीचं, हलकं, फोर-स्ट्रोक. बिल स्वतःच्या नावावर करून घेतलं. अनुदान अर्थातच नाही. येताना तलाठ्याकडे भावोजींच्या सहीचा लक्ष्मीमुक्तीचा अर्ज दिला. सही घ्यायला मात्र चार दिवस लागले.