न विचारता कळणारी जात

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस आले की साकोलीतील ऑनलाइन कामाच्या दुकानांत आमच्या मुलामुलींची गर्दी होते. जातीचा दाखला, उत्पन्न, आधार, बँक खाते हे आपण हक्कासाठी, जाणूनबुजून देतो. परंतु आपण न देताही जी माहिती घेतली जाते, तिचे काय?

वेबसाइट उघडली की ती आपल्या ब्राउझरमध्ये 'कुकी' नावाची छोटी नोंद ठेवते. लॉगिन टिकवायला ती लागतेही. मात्र जाहिरात कंपनीची कुकी अनेक साइटवर एकाच माणसाचा माग काढू शकते. सकाळी अनुसूचित जातींच्या सवलती, दुपारी बौद्ध वधू-वरांची साइट, रात्री दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाड्या. एवढे जोडले की जातीचा अंदाज बांधता येतो. पूर्वी भाड्याने खोली देताना आडनाव विचारीत. येथे तेही विचारावे लागत नाही!

खासगीपणा म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे आपल्यातीलच काही म्हणतात. बाबासाहेबांना तसे वाटत नव्हते. विनाकारण झडती-जप्तीपासून माणसाचे घर व कागदपत्रे सुरक्षित असावीत, हा हक्क त्यांनी मार्च १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मागितला होता. तो घटनेत उतरला नाही. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला.

पुढे काय झाले? न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात जात ही 'संवेदनशील' माहिती होती. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातून हा वर्गच गाळला गेला. कलम ९ मुलांवर पाळत ठेवण्यास मनाई करते; पण वयाची १८ वर्षे पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला त्याचा आधार नाही. त्याच्या हाती उरते 'मान्य आहे' हे बटण. न समजता दाबलेले बटण ही कसली संमती?

संमतीची सूचना मराठीतून मिळण्याचा पर्याय याच कायद्यात आहे. तो आग्रहाने मागितला पाहिजे. दुकानातील संगणकावर काम झाले की लॉगआउट करून कुकी पुसाव्यात. आणि जातीच्या माहितीला विशेष संरक्षण परत मिळावे, ही मागणी चळवळीने लावून धरावी.

जात आपण सांगू ती हक्क मागण्यासाठी, आपण ठरवू तेव्हा. ती पाठीमागून काढून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.