संपादकीय : पहिल्या सत्राची सोबत



यंदाची स्मरणिका आपल्या हाती देताना, वरवर पाहता आपला न वाटणारा एक विषय आम्ही मांडू इच्छितो. ऑगस्टच्या अखेरीस गाडीत उशा, पुस्तके आणि राइस कुकर भरून आपण मुलांना कॉलेजच्या वसतिगृहात सोडून येतो. त्याच मजल्यावर, कित्येकदा त्याच खोलीत, एखादा आफ्रिकी-अमेरिकन विद्यार्थीही आपले सामान लावीत असतो. पहिल्या सत्रात त्याचे काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

वैद्यकीय शिक्षणाची आकांक्षा धरणाऱ्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यासाठी आम्ही काही वर्षे एका महाविद्यालयात जात आहोत. एका ऑक्टोबरमध्ये असाच एक विद्यार्थी भेटला. शाळेत पहिला आलेला. परंतु रसायनशास्त्राच्या पहिल्याच परीक्षेत गुण घसरले होते आणि डॉक्टर होण्याचा विचार त्याने सोडून दिला होता. अभ्यास कोणाबरोबर करतोस, असे आम्ही विचारले. "एकटाच," तो म्हणाला. शाळेत असताना एकटे बसूनच तो पुढे आला होता. प्राध्यापकांना शंका का विचारीत नाहीस, यावर त्याचे उत्तर असे, की विचारले तर मी येथे चुकून आलो, अशी त्यांची खात्री पटेल.

हे उत्तर नवे नाही. १९७० च्या दशकात बर्कली येथे फिलिप युरी ट्राइस्मन यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता. गणितात कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे का पडतात, असे विचारता सहकाऱ्यांनी कारणे दिली ती ठरलेलीच : जिद्द नाही, पूर्वतयारी नाही, घरचा आधार नाही. ट्राइस्मन यांनी प्रत्यक्ष विद्यार्थ्यांबरोबर राहून पाहिले, तेव्हा ही कारणे टिकली नाहीत. ही मुले कष्टाळू होती, त्यांच्या घरच्यांना शिक्षणाची आस होती. परंतु ती एकटी अभ्यास करीत. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र सायंकाळी एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत. त्यावरून ट्राइस्मन यांनी कार्यशाळा सुरू केली. ती 'कच्च्या' मुलांची शिकवणी नव्हती. तेथे गणिते मुद्दाम अवघड दिली जात आणि ती गटाने सोडवायची असत. तेथे येणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल लक्षणीयरीत्या सुधारले.

दुसरा प्रश्न मनाचा. २०११ साली ग्रेगरी वॉल्टन व जेफ्री कोहेन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी वरच्या वर्गातील मुलांचे अनुभव वाचावयास दिले. 'आपण येथले नाही' असे आरंभी बहुतेकांना वाटते आणि पुढे ते ओसरते, एवढाच त्यांचा आशय. सुमारे तासाभराच्या या उपक्रमानंतर तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले, गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेले अंतर निम्म्यावर आले, डॉक्टरांकडे जाण्याचे प्रमाणही घटले. तथापि २२ संस्थांतील व्यापक अभ्यासाने २०२३ साली हेही दाखवून दिले, की जेथे संस्था खरोखर जागा देते तेथेच असा दिलासा फळतो. शब्दाला कृतीची जोड नसेल, तर शब्द पोकळ ठरतो.

ही कृती आज अधिक निकडीची झाली आहे. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत मोडीत काढली. पुढच्याच वर्षी एमआयटीच्या नव्या वर्गातील कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. वर्गात आपल्यासारखे चेहरे जितके कमी, तितका एकटेपणा अधिक.

आता आपल्याविषयी. मुलगा फोनवर सांगतो, की खोलीतला जोडीदार कृष्णवर्णीय आहे. त्यावर आपला पहिला शब्द कोणता? "खोली बदलून मिळते का बघ" हे वाक्य आम्ही आपल्या घरांतून ऐकले आहे. एकदा, सांगण्यास लाज वाटते, ते आमच्याच तोंडून निघाले. ज्यांच्या आजोबांना पाणवठ्यावरून हाकलले गेले, त्यांनी असे म्हणावे? बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य सांगितले होते, हे आपण व्याख्यानांतून सांगतो. १९६४ चा नागरी हक्क कायदा ज्या लढ्याने घडविला, त्याच वातावरणात १९६५ चा इमिग्रेशन कायदा झाला आणि आपल्याला या देशाचे दार उघडले. हे ऋण आहे. फेडताना उपकाराचा आव नको.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात वरच्या वर्गातील मित्राने आपला हाडांचा संच आमच्या हाती ठेवला नसता, तर आम्ही पहिल्या वर्षीच गावी परतलो असतो. तोच संच आता पुढे द्यावयाचा आहे. आपल्या मुलांना सांगा, अभ्यासाच्या गटात शेजारच्या खोलीतील मुलाला बोलवा आणि त्याच्याकडून शिकाही. थँक्सगिव्हिंगला ज्याला घरी जाणे परवडत नाही, त्याच्यासाठी ताट वाढा. आपल्यातील डॉक्टरांनी व अभियंत्यांनी आपल्या दवाखान्याची, कचेरीची दारे अशा विद्यार्थ्यांना उघडी ठेवावीत. आणि हे ऑक्टोबरपूर्वी, पहिल्या परीक्षेआधी करावे.

तो विद्यार्थी पुढे तिघांबरोबर ग्रंथालयात बसू लागला. गुण फार वाढले नाहीत. परंतु विषय त्याने सोडला नाही. पहिल्या सत्रात एवढेही पुष्कळ असते.

भवतु सब्ब मंगलम्!

— संपादक